अम्माला दिलेले पाय

हे लिहायचं नव्हतं. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. शेवटी मादेशच म्हणाला, "लिही रे. मराठीतच लिहितोयस ना? आमच्या हुणसेकोप्पलात मराठी कुणाच्या बापाला वाचता येतंय!" आणि हसला. मग मध्येच हसायचा थांबला, कारण 'बाप' हा शब्द तोंडातून निघून गेला होता.

म्हणून लिहितोय.

तर मादेश. बेंगळुरूत पाणी शुद्ध करायच्या मशिनी बसवायचा. बसवायच्या, दुरुस्त करायच्या, कँडल बदलायची, टाकी धुवायची. पाठीवर कंपनीची निळी बॅग आणि बुडाखाली मामाची जुनी गाडी. विजयनगर, राजाजीनगर, बसवेश्वरनगर, इकडची सगळी स्वयंपाकघरं त्याला पाठ. बोलायचा कमी. पण बाईंनी विचारलं, "नवीन मशीन घेऊ का हो?" तर सरळ सांगायचा, "नको अम्मा, हीच अजून चालेल." त्यामुळे बायका त्याचा नंबर बहिणींना द्यायच्या, आणि बहिणी मात्र नवीन मशीन घ्यायच्या.

हे शशांक सरांच्या लक्षात आलं. शशांक सर त्याचे मॅनेजर. वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती.

"मादेश," सर एकदा म्हणाले, "टीम लीडरची जागा निघतेय. माझ्या डोळ्यासमोर तू आहेस. पण तू स्पॅनरच्या मागे लपून बसतोस. कम्फर्ट झोन सोड. बाहेर ये. माणूस वाढतो तो बाहेर आल्यावर."

संध्याकाळी मादेशने हे खोलीवर नंजुंडाला सांगितलं. नंजुंडा त्याच्याच गावचा, शेजारच्या घरातला, बेंगळुरूत रिक्षा चालवणारा. कामाक्षीपाळ्यात दोघांची एकच खोली.

"कम्फर्ट म्हणजे ते ना," नंजुंडा मुद्दा, म्हणजे नाचणीचा उकडलेला गोळा, मोडत म्हणाला, "कपडे धुताना वासाला टाकतात ते?"

"नाही रे. म्हणजे... जिथं आपल्याला बरं वाटतं ती जागा."

"मग ती सोडायची कशाला?"

"वाढायला."

"मगा, पोरा, तू सव्वीस वर्षांचा आहेस. आता वाढलास तर फक्त पोट वाढेल." नंजुंडाने साराची वाटी तोंडाला लावली. "पण हो लीडर. मला काय! लीडरच्या दोस्ताकडून पोलीस पैसे घेत नाहीत म्हणतात."

मादेशला मात्र ती जागा हवी होती. मनापासून. घरोघरी चपला दाराबाहेर काढून त्याला कंटाळा आला होता. टेबलामागे बसावं, कुणीतरी आपल्याला चहा आणून द्यावा, एवढंच त्याचं मोठं होणं. यात चूक काय?

आता गावाकडचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

उसाच्या मंड्या जिल्ह्यातल्या आमच्या नव्हे, मादेशच्या हुणसेकोप्पलात मारम्माचं देऊळ आहे. दरवर्षी उगादीच्या आधी देवळापुढे केंड होतं. लांब चर खणायचा, गावाने आणलेली लाकडं त्यात जाळायची, निखारे बडवून सपाट करायचे आणि पहाटे त्यावरून चालायचं. नवस असलेले चालतात, नसलेलेही चालतात. पण पहिलं पाऊल मादेशच्या घराचं. पणजा चालला, आजा चालला, आता अप्पा. पहिलं पाऊल पडल्याशिवाय बाकी गाव हलत नाही, आणि पाऊल पडलंच नाही तर त्या वर्षी अम्मा उपाशी राहिली असं धरतात. मग गावात काय काय होतं याच्या गोष्टी म्हाताऱ्या बायका सांगतात. पोरं रात्रीची मुतायला उठत नाहीत असल्या गोष्टी.

घराण्यातला पोरगा वयात आला की गावचे यजमान, म्हणजे चार पिकली डोकी, त्याचे पाय हळदीच्या पाण्याने धुतात आणि सांगतात: हे पाय अम्माला दिले. या पायांना आता दुसरा विस्तव नाही.

म्हणजे नाहीच. चुलीतून उडालेला निखारासुद्धा त्या पायाने विझवायचा नाही. मादेशच्या घरात निखारा पडला की अव्वा, म्हणजे त्याची आई, चिमटा घेऊन धावत यायची, आणि बाप-लेक कोंबड्यासारखे एक पाय वर करून उभे.

गेल्या दिवाळीला मादेश घरी गेला होता. केंपय्या, त्याचा अप्पा, बाजारातून आला, ओसरीवर बसला, आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर लाल ठसे दिसले.

"रक्त कुणाचं रे?" अप्पाने विचारलं.

त्याचंच होतं. चपलेतून मोठा खिळा वर आला होता आणि टाचेत घुसला होता. बाजारापासून घरापर्यंत माणूस त्या खिळ्यावर चालत आला होता आणि त्याला पत्ता नव्हता.

मद्दूरच्या डॉक्टरने पायाला काडी लावून बघितली. लागतंय? नाही. इथे? नाही. साखर आहे म्हणाला, जुनी. पायाच्या शिरा मेल्यात. पाय जपा.

"साखर खातोच कुठे मी?" अप्पा परत येताना बसमध्ये म्हणाला. "मंड्याचा माणूस मी, गूळ खातो."

पण रात्री जेवताना तो आपणहून म्हणाला, "मगा, येत्या केंडाला तू पुढे हो. अंधारात मला जमीन नीट सापडत नाही आता."

मादेशला इतकं हलकं वाटलं की त्याने अजून एक मुद्दा घेतला. त्याच्या मनात तेच होतं. त्या मेलेल्या पायांनी अप्पा निखाऱ्यावर गेला तर काय होईल हे कळायला डॉक्टर लागत नव्हता. मादेश पुढे झाला की अप्पाचे पाय वाचले. सरळ हिशोब.

ही अशी दोन माणसं मादेशच्या आत एकमेकांना न भेटता सुखाने नांदत होती. एक केंडाला पहिलं पाऊल टाकणारा, एक टीम लीडर होणारा. भेटली ती कनकपुरा रोडच्या रिसॉर्टवर.

कंपनीने सगळ्यांना दोन दिवस नेलं होतं. पोहण्याचा तलाव, झाडाला टांगलेले दिवे, जेवायला हे एवढे पदार्थ. आणि एक कोच. दिल्लीकडचा, पांढरी पँट, गालाला चिकटलेला माइक. दिवसभर त्याने सगळ्यांना नाचवलं, ओरडायला लावलं, एकमेकांना मिठ्या मारायला लावल्या. टीम लीडरसाठी दोघांची नावं होती, मादेश आणि प्रवीण. प्रवीण गळ्यात गळा घालून नाचत होता. मादेश टाळ्या वाजवत होता.

संध्याकाळी कोच म्हणाला, "आता सरप्राइज."

सगळे हिरवळीच्या मागे गेले. तिथे निखाऱ्यांचा पट्टा होता. पाच-सहा पावलांचा. हुणसेकोप्पलातली शाळकरी पोरं असल्या पट्ट्याला हसली असती.



"ही आग नाही," कोच ओरडला. "ही तुमची भीती आहे! हिच्या या बाजूला तुमचा कम्फर्ट झोन. त्या बाजूला तुमचं यश!"

लोक किंचाळले. मुली एकमेकींचे हात धरून रडायला लागल्या. ऑफिसातला हिशेबनीस मोजे काढता काढता रामनाम घेत होता. एकेक जण "येस! येस!" करत पळत सुटला. पलीकडे गेला की उड्या, मिठ्या, फोटो. प्रवीण तर दोनदा गेला.

"मादेश!" शशांक सरांनी हाक मारली.

"सर, मला नाही जमणार."

"जमेल. चल."

"नाही सर, म्हणजे, आमच्या गावात—"

"थांबा, थांबा!" कोचने माइक सरसावला. "ऐकलंत? 'आमच्या गावात.' हीच ती गोष्ट, जी आपण स्वतःला सांगत राहतो! माझ्या गावात असं, माझ्या घरात तसं! सगळे मिळून सांगा याला, गोष्ट सोड!"

"गोष्ट सोड! गोष्ट सोड!" सगळे ओरडायला लागले.

सर जवळ आले. हळूच म्हणाले, "मादेश, वरचे लोक बघतायत. मी तुझं नाव दिलंय रे. माझी लाज राख."

"सर, मी घाबरत नाहीये. वेगळं आहे. मी नंतर सांगतो."

"सगळे हेच म्हणतात," सर म्हणाले. अगदी प्रेमाने म्हणाले.

तेवढ्यात मागून प्रवीण हसत आला. "मादेशण्णा, हात धरू का? की कडेवर घेऊ?"

सगळे हसले. ज्या मुली मघाशी रडत होत्या त्याही हसल्या.

आता इथे जे झालं ते नोकरीसाठी झालं असं मादेश बरेच दिवस सांगायचा. मलाही तसंच सांगितलं. नंतर एकदा खरं बोलला. दुसरं काहीही असतं, पाण्यात उडी, इंग्रजीतलं भाषण, तर तो हसत हसत भेकड ठरला असता. "हो बाबा, भितो मी," म्हणून बाजूला झाला असता. पण निखाऱ्याला भिणारा? केंपय्याचा पोरगा? पाच पावलांच्या शेगडीला? आणि तेही या प्रवीणने म्हणायचं, ज्याला निखारा आणि कोळसा यातला फरक माहीत नाही? डोक्यात सणक गेली. अम्माला दिलेल्या पायांचा माज अम्माच्याच विरुद्ध उभा राहिला.

त्याने बूट काढले.

तो पळाला नाही. पळायचं असतं हे त्याला माहीतच नव्हतं. हात आपोआप जोडले गेले, ते त्याने खाली घेतले. ओठांवर अम्माचं नाव आलं, ते गिळलं. आणि घरच्या अंगणात फिरावं तसा, समोर बघत, चालत पलीकडे गेला.

मग टाळ्यांचा कडकडाट.

"हे बघा!" कोचचा आवाज चिरकला. "दोन मिनिटांपूर्वी थरथरत होता हा माणूस! आता बघा याला!" माइक मादेशच्या तोंडासमोर आला. कुणीतरी मोबाइल धरला. "सांग, आधी काय वाटत होतं?"

मादेशने शशांक सरांकडे बघितलं. सर मान हलवत होते. बोल, बोल.

"भीती वाटत होती," मादेश म्हणाला.

"आणि आता?"

"आता नाही वाटत."

खरं बरोबर उलटं होतं.

जागा मिळाली. जेवणाच्या आधीच सरांनी जाहीर केली. प्रवीणने मिठी मारली आणि म्हणाला, "काय राव, नाटक केलंस ना मघाशी?" मादेशने त्या दिवशी दहीभातही खाल्ला नाही.

नंजुंडाचा फोन दोन दिवसांनी आला. रिक्षा चालवताना केलेला, मागे हॉर्न.

"लो, हे काय टाकलंय तुझ्या कंपनीने? डिलीट करायला लाव."

"काय?"

"काय काय! तू विस्तवावरून चाललायस आणि वर कन्नडात लिहिलंय, 'मंड्याच्या पोराने भीतीवर मात केली.' आमच्या मामेभावाने मला पाठवलं. म्हणजे गावात पोचलंय. गुरू, अक्कल कुठे विकून आलास का?"

मादेशने सरांना सांगितलं. सरांनी लगेच काढायला लावलं, हेही सांगतो. पण हुणसेकोप्पलात प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ते आधीच होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मंड्याचा उल्लेख नसता तर कदाचित कुणी बघितलंही नसतं.

अप्पाचा फोन आला नाही. यजमान बोरेगौडाचा आला. म्हातारा रागावला नव्हता. पावसापाण्याचं विचारावं तसं विचारलं, "मादेशा, तो तूच ना?"

"हो अज्जा."

"उपास होता?"

"नाही."

"पाय धुतले होते?"

"नाही अज्जा. बुटातून काढले."

"हं," बोरेगौडा म्हणाला. "मग ते पाय राहिले नाहीत बाबा. त्यात माझं काही चालत नाही."

मादेशने विचारलं, मग पुढे कोण होणार? दुसरा मान नंजुंडाच्या घराचा होता, पण नंजुंडाचा बाप वारून वर्ष झालं नव्हतं. त्या घराला केंड चालत नव्हतं.

"तुझा बाप आहे की," बोरेगौडा म्हणाला. "त्याने हळद बांधलीसुद्धा."

मादेश दुसऱ्याच दिवशी गावी गेला. नंजुंडाने रिक्षा भावाला दिली आणि तोही आला. अप्पा देवळाच्या पडवीत चटईवर बसला होता, मनगटाला हळदीचा दोरा, अनवाणी. लेकाला बघून त्याने तोंड फिरवलं नाही. उलट जागा करून दिली. मादेशला ते जास्त लागलं.

"अप्पा, तू जाऊ नकोस. तुझ्या पायाला कळत नाही."

"कळायला कशाला पाहिजे? चालायला पाहिजे."

"भाजेल."

"आजवर भाजलं का?"

"आजवर पाय जिवंत होते, अप्पा! तू निखाऱ्यावर थांबलास तरी तुला कळणार नाही. मध्येच तोल गेला, पाऊल फसलं—"

"मग तू चाल," अप्पा म्हणाला.



"नाही ना चालता येत? मग बस." अप्पाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पोराने केलं ते बापाने निस्तरायचं. तू लहान असताना बोरेगौडाच्या केळी कापल्यास, त्या मी भरून दिल्या. तसंच हे."

मग मादेश यजमानांकडे गेला. चौघेही पिंपळाच्या पारावर बसले होते. त्याने डॉक्टरचं सांगितलं, साखरेचं सांगितलं, खिळ्याचं सांगितलं. हात जोडले. एक वर्ष केंड नका करू, नाहीतर दुसऱ्या कुणाचे पाय धुवा, कुणाचेही, पण अप्पाला पाठवू नका.

बोरेगौडाने सगळं ऐकून घेतलं. बाकीच्यांपैकी एक जण पानाची पिंक टाकत म्हणाला, "भितोयस होय?"

"मी कशाला भिऊ? मी अप्पाचं—"

"अरे, तूच म्हणालास की. आम्ही ऐकलंय." त्याने खिशातून मोबाइल काढला, पडद्यावर बोट फिरवलं, आणि पिंपळाखाली मादेशचा आवाज आला. भीती वाटत होती. आता नाही वाटत. "बेंगळुरूला जाऊन काय शिकलास तर निखाऱ्याला भ्यायला. आता तीच भीती बापाच्या पायात घालायला आलास?"

"ते खोटं बोललो होतो मी! मला नव्हती वाटत भीती!"

"मग हे कशावरून खरं?"

बोरेगौडा एवढंच म्हणाला, "जा पोरा. अम्मा बघून घेईल."

"भाजायला तिला पाय आहेत का?" नंजुंडा मागून ओरडला. त्याला दोघांनी धरून बाहेर काढलं.

केंडाच्या पहाटे मादेश दोरीच्या मागे, गर्दीत उभा होता. जन्मात पहिल्यांदा. समोर चर लालबुंद, वर पांढरी राख धरलेली. तमटे वाजायला लागले. अप्पा ओलेत्याने आला, डोक्यावर कळस. चराच्या तोंडाशी थांबला. पायाने चाचपलं. कडा सापडत नव्हती त्याला. मादेशने ते बघितलं, आजूबाजूच्या कुणीच बघितलं नाही. सगळ्यांना वाटलं नमस्कार करतोय.

मग चालला. हळू. फारच हळू. नेहमी पंधरा-वीस पावलांत झपाझप पार करणारा माणूस, एकेक पाऊल टाकून, जणू खाली काय आहे ते आठवत होता. मध्ये एकदा थांबला, कळस सावरला. दोन्ही पाय निखाऱ्यात. तोंडावर सुरकुती नाही.

"अम्मा! अम्मा!" गाव नुसतं घुमलं. "थांबला बघ! आगीत उभा राहिला!"

असं कुणीच कधी केलं नव्हतं. पणज्यानेही नाही. बायकांनी लोटांगणं घातली.

पलीकडे हळदीच्या पाण्याच्या परातीत अप्पाचे पाय धुतले. मादेश दोरीखालून शिरला आणि वाकून बघितलं. तळवे पांढरेफटक पडले होते, कडेने फुगत चालले होते. चामडी ओल्या कागदासारखी सरकत होती.

"अप्पा, दवाखान्यात चल. आत्ता."

"कशाला? दुखतच नाहीये." अप्पाचा चेहरा उजळला होता. लहान पोरासारखा. "खरंच सांगतो, मगा. काही नाही. जसं काय गार मातीतून चाललो. एवढ्या वर्षांत दर वेळी थोडं तरी चटकायचं. या वेळी अजिबात नाही." मग त्याने लेकाच्या कानाशी तोंड नेलं. "म्हणजे ती रागावली नाही तुझ्यावर. कळलं ना?"

मादेशने मद्दूरहून मलम आणलं. अप्पाने लावू दिलं नाही. केंडावरून आलेल्या पायाला औषध लावायचं म्हणजे अम्माला खोटं पाडायचं. अव्वाला सांगून बघितलं, ती म्हणाली, "दुखत नाही म्हणतोय ना तो? तू कशाला दुखवतोस?" गावात तर केंपय्याच्या पायाला हात लावायला रांग. आणि अप्पा, अंगात बळ आल्यासारखा, तिसऱ्या दिवशी अनवाणी उसाला पाणी द्यायला गेला.

मादेश बेंगळुरूला परतला. नव्या जागेची पहिली मीटिंग होती. इथे माझं टाइप करणं अडतं, पण परतला हे खरं. नंजुंडा म्हणाला होता, थांब अजून दोन दिवस. मादेश म्हणाला, थांबून काय करू, मला दोरीच्या मागेच उभं राहायचंय.

टेबल मिळालं. चहा आणून देणारा मिळाला. त्या चहाची चव काय होती हे त्याला विचारू नका.

मग अव्वाचा फोन. अप्पाला ताप, पायाला वास येतोय, माश्या बसतायत, शुद्ध हरपतेय. म्हैसूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण होती, दमलेली. तिने मादेशला बाहेर बोलावून सांगितलं, एका पावलाचा पुढचा अर्धा भाग काढावा लागेल. नाहीतर गुडघ्यापर्यंत जाईल. "भाजल्यावर लगेच का नाही आणलंत?" तिने विचारलं. "यांना संवेदनाच नाही. यांना कसं कळणार? तुम्हाला तर कळत होतं ना?"

"हो," मादेश म्हणाला.

पाय काढल्यावर तिसऱ्या दिवशी अप्पा उठून बसला. इडली खाल्ली. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगत होता, "केंडाने काही नाही केलं हो. केंडात मी उभा राहिलो, विचारा पोराला. हे उसाच्या बुडख्याने केलं. अनवाणी गेलो शेतात, घाण पाणी लागलं. माझीच चूक." आणि मादेशकडे बघून, "हो की नाही रे?"

मादेश उठून बाहेर गेला.

बाहेर दवाखान्याच्या आवारात उन्हं तापली होती. लोक झाडाखाली डबे उघडून बसले होते. नंजुंडा रिक्षा घेऊन थेट म्हैसूरपर्यंत आला होता, आणि आता रिक्षातच पाय पसरून पडला होता. मादेश पुढच्या सीटवर बसला.

"सरांचा फोन होता," मादेश म्हणाला. "म्हणाले, सुट्टी घे, पाहिजे तेवढी. पैशाची मदत लागली तर सांग. आणि परत आलास की नवीन पोरांसमोर बोलशील का, तुझा प्रवास सांगशील का."

"कुठून कुठपर्यंतचा?"

मादेशने फोन खिशात टाकला.

"राजीनामा देणार?"

"आता कशाला देऊ? अप्पाचा पाय परत येणार आहे का? औषधं कोण आणेल?" तो रिक्षाच्या हँडलवर नखाने ओरखडत होता. "नंजुंडा, मी आत जाऊन सांगतो त्याला."

"काय?"

"सगळं. की अम्माने झेललं नाही. की शिरा मेल्यात म्हणून दुखलं नाही. की पाय तिथेच भाजला, माझ्यामुळे, उसाने नाही. की माफबिफ कुणी केलेलं नाही मला."

नंजुंडा उठून बसला. "आणि मग?"

"मग तो शिव्या तरी देईल मला! तोंडात मारेल! हे असं पाठीवर हात ठेवणं नको मला, लो. अर्धा पाय नसलेला माणूस मलाच समजावतोय. सहन होत नाही."

"म्हणजे तुझ्या छातीवरचा धोंडा उतरेल."

"हो! उतरू दे ना!"

"आणि ठेवणार कुठं? त्याच्या?" नंजुंडाचा आवाज एकदम खाली आला. "ऐक. पाय गेला, मान गेला. आता तो परत कधी केंडावर जाणार नाही, कुणी जाऊ देणार नाही, म्हणजे सांगून वाचवायचं तर काही उरलेलं नाही. त्या म्हाताऱ्याकडे आता एकच गोष्ट आहे. एकदा आगीत उभा राहिलो आणि तिने जपलं. पोरालाही सोडलं. तेवढ्यावर तो पुढची वर्षं काढणार आहे. तीही काढून घेतोस? स्वतःला बरं वाटावं म्हणून?"

आतून अव्वाने खिडकीतून हाक मारली. अप्पा विचारतोय, मादेश कुठे गेला.

"शब्द दे," नंजुंडा म्हणाला. "माझ्याकडे बघून दे. कंपनीत देतोस तसा नको."

मादेशने तोंड पुसलं. रिक्षातून उतरला, परत वळला.

"अप्पाला मी काही सांगणार नाही," तो म्हणाला. "तो विचारेल, तेव्हा हो म्हणेन, उसानेच केलं. दर वेळी विचारेल तेव्हा म्हणेन. तुला शब्द देतो, नंजुंडा."